तालमीपुरते काका

आमच्या फुजैराच्या मराठी मंडळात गेल्या बावीस वर्षांत सोनटक्के काकांनी एकही तालीम चुकवलेली नाही आणि एकही कार्यक्रम पाहिलेला नाही.

वाक्य उलटसुलट झालेलं नाही, असंच आहे. बाकीची माणसं तालमीला दांडी मारतात आणि कार्यक्रमाला पहिल्या रांगेसाठी भांडतात. काकांची तऱ्हा वेगळी. दिवाळीच्या कार्यक्रमाआधी दीड महिना, दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता, शाळेच्या हॉलमध्ये नाचाच्या मुलींच्याही आधी काका येऊन बसलेले असतात. कोपऱ्यात पांढरी प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. आणि ज्या संध्याकाळी त्याच मुली नऊवारी नेसून, गजरे माळून दिव्यांच्या झोतात उभ्या राहतात, त्या संध्याकाळी काका स्वतःच्या घरी कुकर लावत असतात.

"काका, आज तरी या. मुलींनी इतकं छान बसवलंय!" असं कुणी म्हटलं की ते हात झटकतात. "छान झालेलं काय बघायचं? ते कुणीही बघतं. खलास."

सोनटक्के काका मिरजेचे. आमच्याकडे, अमिरातीतल्या या बंदरगावी, किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत तेलाच्या टाक्याच टाक्या आहेत. त्यातल्या एका टर्मिनलवर ते तीस वर्षं नोकरी करतायत. तरुणपणी टाकीच्या डोक्यावर चढायचे, झाकण उघडून आत टेप सोडायचे आणि तेल किती आहे ते बघून खाली ओरडून सांगायचे. आता सुपरवायझर झालेत, चढायची गरज नाही, तरी चढतात. वरून काय दिसतं असं मी लहानपणी विचारलं होतं.

"पाठी दिसतात. पाठी आणि टकलं. त्यामुळे मला माणसांची तोंडं लक्षात राहत नाहीत."

हे शब्दशः खरं आहे. सुपरमार्केटमध्ये मी दुधाच्या फ्रिजसमोर उभी असते आणि मागून आवाज येतो, "रेवा, डावा खांदा पडलाय. ऑफिसात काय झालं?" काहीतरी झालेलं असतंच. पण हीच मी समोरून गेले असते, तर काकांनी मला ओळखलं असतं याची खात्री नाही. एकदा लिफ्टमध्ये ते माझ्या बाबांशी पाच मजले हिंदीत बोलले. बाबा बाहेर पडून चार पावलं चालले, तेव्हा मागून हाक आली, "अरे, तुम्ही होय!"

आता काकांच्या गुरूंविषयी. काकांचे गुरू पॅरिसचे. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचे एक फ्रेंच चित्रकार. नाचाच्या वर्गातल्या मुली, इस्त्री करणाऱ्या बायका, चहाच्या, म्हणजे तिकडच्या कसल्यातरी पेल्यासमोर एकट्या बसलेल्या बायका, टोप्यांची दुकानं, शर्यतीचे घोडे, असं त्यांच्या शहरात जे चाललं होतं ते काढणारे. त्यांची आणि काकांची गाठ एका कॅलेंडरमुळे पडली. मी बालवाडीत होते त्या वर्षी एका फ्रेंच जहाजाचा अधिकारी जाताना टर्मिनलच्या ऑफिसात भिंतीवरचं कॅलेंडर देऊन गेला. बारा महिने, बारा चित्रं. चित्रकाराचं नाव पहिल्या पानावर होतं, पण त्या पानावर कुणीतरी इथल्या कडक दुधाळ करक चहाचा ओला ग्लास ठेवला आणि नाव कायमचं गेलं. काकांनी मग स्वतःच त्यांना नाव ठेवलं. पॅरिसकर.

"मिरजेचा मिरजकर, तर पॅरिसचा पॅरिसकर. यात चुकलं काय?"

नववीत असताना मी शाळेच्या लायब्ररीत शोधून त्यांना खरं नाव सांगितलं. काकांनी ते तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा वेगळं. मग म्हणाले, "राहू दे. इतक्या वर्षांनी हाक बदलली की माणसाला परकं वाटतं." तेव्हापासून मीही पॅरिसकरच म्हणते.

ते कॅलेंडर अजून काकांच्या स्वयंपाकघरात आहे. वर्ष कधीच संपलं, पण काका दर महिन्याच्या एक तारखेला इमानाने पान उलटतात. त्यामुळे त्यांच्या घरी तारीख बरोबर असते आणि वार चुकलेला. बाहेर शुक्रवार असतो तेव्हा काकांकडे सोमवार चाललेला असतो. इथे शुक्रवारची सुट्टी असायची तेव्हा एकदा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. "सुट्टीच्या दिवशी या, बारा तारखेला," असं स्पष्ट सांगितलं. आम्ही बारा तारखेला, बाबांना रजा टाकायला लावून, श्रीखंड घेऊन हजर. काका ड्यूटीवर. घराला कुलूप. फोन केला तर तिकडून आवाज, "आज मंगळवारी बारा तारीख कशी? माझ्याकडे तर शुक्रवारी आहे!"

"अहो, मोबाइलवर बघत जा ना," आई म्हणाली.

"वहिनी, मोबाइलवर वार असतो, पण चित्र नसतं."

त्या बारा चित्रांवर काका जे बोलतात, ते कुठल्याही संग्रहालयात ऐकायला मिळणार नाही. एका चित्रात नाचाच्या वर्गात जमिनीवर पाण्याची झारी ठेवलीय. मोठमोठ्या लोकांनी त्या झारीबद्दल काय काय लिहिलंय म्हणे. काकांचं म्हणणं, "सडा. धूळ बसावी म्हणून. आमच्या आईने अंगणात तेच केलं, तिला कुणी विचारलं नाही." एका चित्रात पांढऱ्या केसांचे मास्तर काठी टेकून उभे आहेत. मंडळातल्या मुलींचा नाच बसवणाऱ्या नीलिमाताई हातात लाटणं घेऊन ताल देतात, म्हणून ते "नीलिमाचे पणजोबा". त्याच चित्रात एक मुलगी मास्तरांकडे लक्ष न देता हात मागे वळवून पाठ खाजवतेय. ही काकांची सगळ्यात लाडकी. "पॅरिसकर बघ कसा माणूस! समोर एवढा नाच चाललाय आणि हा खाजवणारी पोरगी काढतो. त्याला माहितीय, नाच दोन मिनिटं असतो. उरलेला वेळ माणूस खाजवतो, जांभया देतो, चपलेचा बंद बांधतो."

काकांचं ठाम मत आहे की पॅरिस फुजैरातच आहे, फक्त एसी लावलेलं. हे सिद्ध करायला त्यांनी एका सुट्टीच्या सकाळी मला आणि आईला आमच्याच गल्लीतल्या लाँड्रीसमोर उभं केलं. आत दोन मल्याळी माणसं इस्त्री करत होती. एकजण इस्त्रीवर दोन्ही हातांनी सगळा भार टाकून वाकलेला, दुसरा तोंड वासून जांभई देत होता. कॅलेंडरच्या जून महिन्यात हुबेहूब हेच आहे, फक्त बायका आहेत आणि अरबांचे पांढरे पायघोळ कंदुरे नाहीत. काका काचेला नाक लावून बघत राहिले. शेवटी जांभई देणारा बाहेर आला.

"सर, कपड़ा देना है क्या?"

"नहीं नहीं. सिर्फ देखना है."

"क्या देखना है?"

"तुम फिर से जाके जांभई दो ना."

त्या माणसाला जांभई म्हणजे काय ते कळलं नाही. पण काकांनी ती करून दाखवली, तेव्हा त्याला इतकं हसू आलं की त्या दिवशी पुन्हा कुणालाच जांभई आली नाही.

हे सगळं ऐकून काका गमतीशीर आहेत एवढंच वाटेल. आम्हा सगळ्यांना तेवढंच वाटायचं. ते वहीत काय काढतात, हे कुणी विचारलं नव्हतं. टर्मिनलमधल्या रद्द झालेल्या फॉर्मचे पाठकोरे कागद ते सुतळीने शिवून वही करायचे. रंगीत खडू फ्रिजमध्ये ठेवायचे, कारण आमच्याकडच्या दमट हवेत ते मऊ पडतात. त्यांच्याकडचं ताक कधीकधी निळसर यायचं. आम्ही धरून चाललो होतो की ते नाचणाऱ्या मुली काढतात. पॅरिसकरांचे शिष्य दुसरं काय काढणार?

मी स्वतः त्या मुलींमध्ये सात वर्षं होते. शेवटच्या रांगेत, डावीकडून दुसरी. मला स्टेजची भीती वाटायची. आईला वाटायचं नाचाने भीती जाईल आणि नीलिमाताईंना वाटायचं मला पुढच्या रांगेत ओढलं की जाईल. दहा वर्षांची असताना त्यांनी एकदा मला ओढलं. मी मध्येच थांबले आणि थांबूनच राहिले, गाणं संपेपर्यंत. त्यानंतर काका आईजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, हिची पाठ उत्तम आहे. तोंड दाखवायची घाई कशाला करताय? दाखवेल सावकाश, इन्शाल्ला." मी परत मागे गेले. पुढे गाणी लावायचं काम माझ्याकडे आलं आणि अजून तेच करते. दिवसभर शिपिंग एजन्सीत जहाजांचे कागद, संध्याकाळी हॉलमध्ये स्पीकरमागे. मी जिथे आहे तिथे मला बरं वाटतं, आणि हे पहिल्यांदा काकांच्या लक्षात आलं होतं. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आमच्यात असं बोलणं नाही.

या वर्षी तालमी सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला. पाठवणारे आदित्य, पुण्याहून चार महिन्यांपूर्वी आलेले. त्यांची सात वर्षांची सान्वी पहिल्या रांगेत असते. बायको केतकी तिला घेऊन येते. मेसेज असा होता: "जस्ट आस्किंग, नो ऑफेन्स. तालमीला कोपऱ्यात एक गृहस्थ स्केचेस काढत बसतात. ते कुणाचे पालक आहेत?"

अडतीस जणांनी तो वाचला. कुणीच उत्तर लिहिलं नाही, कारण खरं उत्तर 'कुणाचेच नाहीत' असं होतं.

आदित्यचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. अनोळखी माणूस आपल्या मुलीसमोर वही घेऊन बसला तर बापाने विचारायलाच हवं. आम्हाला काका ओळखीचे होते, पण आमच्यापैकी एकालाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं की वहीत काय आहे. मी चार वेळा काहीतरी टाइप केलं आणि चार वेळा खोडलं. रात्रीपर्यंत नीलिमाताईंचा मेसेज आला: रविवारी माझ्या घरी बैठक, तोवर हॉलमध्ये फक्त पालक. मला त्यांनी वेगळा फोन केला. "रेवा, काकांना तू सांग गं. तुझं ऐकतील. मला नाही जमणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकांकडे गेले. दारातच सांगून टाकलं, एका दमात, अर्धं इंग्लिशमध्ये. काकांनी ऐकून घेतलं.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "मी त्यांच्या जागी असतो तर खुर्चीसकट बाहेर काढलं असतं." मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून ओट्यावर ठेवली. "चहा घेणार?"

चहा उकळेपर्यंत ते माझ्याकडे आणि कॅलेंडरकडे पाठ करून उभे होते. त्यांची पाठ मी पहिल्यांदाच नीट बघत होते. ती बघवेना, म्हणून मी विचारलं, "काका, वह्या बघू?"

पलंगाखाली लोखंडी ट्रंक होती. आत वह्याच वह्या. मी पहिली उघडली, दुसरी उघडली, पाचवी उघडली. नाचणारी एकही मुलगी नव्हती.

बायका होत्या. आमच्या हॉलच्या भिंतीशी बसलेल्या. ओढणीचं टोक दातात धरून फ्रॉकला टाके घालणारी. मांडीवर डबा उघडून, घास हातात घेऊन, तो भरवायला मूल येईल म्हणून वाट बघणारी. लॅपटॉपवर ऑफिसचं काम करता करता मान कलंडलेली. बुटाची लेस सुटलेली तशीच ठेवून झोपलेली. अधेमधे एखादे वडील, गाडीची किल्ली बोटात अडकवून, घड्याळाकडे बघणारे. पाठी, माना, माथे, टाचा. बावीस वर्षांतल्या आया.

"काका, नाच कुठे आहे?"

"नाच मला कुठे कळतो?" काका म्हणाले. "माझी अश्विनी मिरजेत भरतनाट्यम् शिकायची. सुमन तिच्या कार्यक्रमाची कॅसेट काढून घ्यायची आणि कुणी येणारं असलं की त्याच्याबरोबर पाठवायची. मेतकूट, चिवडा आणि कॅसेट. मी दुबईच्या देऱ्याला जाऊन घेऊन यायचो, शेअर टॅक्सीने. सगळे कार्यक्रम बघितले मी तिचे. एक नाही चुकवला." "तालमीची कॅसेट कुणी पाठवत नाही गं. सुमन तिला घेऊन कशी जायची, कुठे बसायची, काय करायची दोन-दोन तास, हे मला काय माहीत? विचारलं तर म्हणायची, 'काय करणार, बसते.' मग म्हटलं, बसतात म्हणजे काय करतात ते तरी बघू."

त्यांना बायको-मुलीला इथे आणायला परवानगी मिळेल असा हुद्दा नव्हता. हुद्दा मिळाला त्या वर्षी अश्विनी दहावीत होती. दहावीच्या मुलीला कोण हलवतं? मग बारावी, मग इंजिनिअरिंग. मग तिचं लग्नच झालं. हे मला आईकडून तुकड्या-तुकड्याने माहीत होतं. काकांनी ते सांगितलं नाही.

"अश्विनीचं एखादं चित्र आहे?" मी विचारलं.

"तिची पाठ मी बघितलीय कुठे? सुट्टी संपली की निघायचो मीच. पाठ त्या बघायच्या."

सातव्या वहीत मला माझी आई सापडली. तेव्हा ती एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होती, आठ तास उभी. चित्रात ती भिंतीला टेकून जमिनीवर बसलीय, एक सँडल काढलीय आणि अंगठ्याने स्वतःचा तळवा दाबतेय. बघतेय मात्र समोर. मान थोडी उंच करून, जणू पुढच्या रांगांच्या डोक्यांवरून मागे कुणालातरी शोधतेय. आमच्याकडे त्या वर्षांचे फोटो खूप आहेत. त्यात मी आहे, बाबा आहेत, केक आहेत. आई नाही, कारण कॅमेरा तिच्या हातात असायचा.

"हे दाखवलं का नाही कुणाला?"

"न विचारता काढलं ना. चुकलंच ते माझं. पण दमलेल्या माणसाला विचारलं की तो दमलेला राहत नाही, पदर सारखा करतो. म्हणून विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून दाखवलं नाही."

"मी नेऊ का रविवारी?"

काकांनी चहाची साय चमच्याने बाजूला केली. "ने," ते म्हणाले. "पण ज्याची पाठ त्याला दे. कुणी फाड म्हणालं तर फाड."

बैठकीसाठी मी चार वाक्यं पाठ केली होती. नीलिमाताईंच्या हॉलमध्ये वीस माणसं, पोह्यांच्या बश्या. माझी वेळ आली आणि पहिलं वाक्य "सो, बेसिकली" असं निघालं. पुढचं निघालंच नाही. मी पिशवीतून वह्या काढल्या, टीपॉयवर ठेवल्या आणि खाली बसले.

 मग कुणीतरी पान उलटलं.

"अगं, ही मी! हा माझा जांभळा ड्रेस!"

"नुसत्या रेघा आहेत, जांभळा कुठे दिसला तुला?"

"गळा बघ ना. देऱ्याच्या त्या टेलरने वाट लावली होती."

"किती जाड काढलंय मला!"

"होतीसच."

"ए, हा सतीश! सतीश, तू तालमीला आला होतास? एकदाच आला असशील, तेवढ्यात सापडलास."

माझ्या आईने तिचं पान मिळाल्यावर चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि एवढंच म्हणाली, "ही सँडल चावायची मला." मग तिने ते पान कुणाच्या हातात दिलं नाही.

सगळ्यात वरची, नवी वही आदित्यच्या हातात होती. ते वकिलासारखं एकेक पान तपासत होते. सान्वी कुठे आहे ते शोधत असणार. सान्वी नव्हती. शेवटच्या पानावर ते थांबले. केतकी होती. भिंतीला डोकं टेकलेलं, डोळे मिटलेले, ओठ जरा उघडे, ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात. मांडीवर सान्वीचं दप्तर, आणि झोपेतही दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं.



"ही एवढी दमते?" आदित्यनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

"ये ना कधी मंगळवारी," केतकी म्हणाली.

यानंतर ठराव व्हायला पाच मिनिटं लागली, आणि तो आदित्यनीच मांडला, अगदी ऑफिसच्या भाषेत. मुलांची चित्रं काढायची नाहीत. मोठ्यांची काढायची तर आधी विचारायचं, नंतर पान दाखवायचं. या अटींवर काकांची खुर्ची हॉलमध्ये राहील. नीलिमाताईंनी पोह्याचा चमचा वर करून अनुमोदन दिलं.

काकांना मी फोन केला. त्यांनी अटी दोनदा म्हणून घेतल्या. "ठीक आहे. यल्ला, चला, मंगळवारी."

मंगळवारी काका सगळ्यांच्या आधी आले होते, आणि ठराव पाळण्याचा त्यांचा उत्साह भयंकर होता. आत येणाऱ्या प्रत्येक बाईला ते उभे राहून विचारत होते, "वहिनी, आज दमलात का? काढू का?" ज्यांना विचारलं त्यांनी ताबडतोब पाठ ताठ केली. एकीने लिपस्टिक लावली. हॉलच्या भिंतीशी इतक्या ताज्यातवान्या बायका बावीस वर्षांत कधी दिसल्या नसतील. काका हताश होऊन माझ्याकडे बघत होते. "पॅरिसकरला कुठे असल्या अटी होत्या!"

सव्वासहाला आदित्य सान्वीला घेऊन धावत आले. आज केतकी घरी होती. सान्वी सरळ पहिल्या रांगेत गेली. आदित्य मागे तिचा पसारा सांभाळत उभे: दप्तर, पाण्याची बाटली, घुंगरांची पिशवी, अर्धं खाल्लेलं केळं. तेवढ्यात बाहेर एक हॉर्न वाजायला लागला आणि थांबेना.

"शिट, माझीच गाडी आडवी आहे." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यात जवळ काका होते. "काका, पाच मिनिटं धरता का जरा?"

आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी सगळं काकांच्या मांडीवर ठेवलं आणि पळाले.

काका तसेच बसून राहिले, विमानात शेजाऱ्याने अचानक तान्हं बाळ मांडीवर द्यावं तसे. वही घसरून पायाशी पडली होती. उचलायला हात मोकळा नव्हता. दप्तर एका हाताने कवटाळलेलं, दुसऱ्या हातात केळं, साल खाली पडू नये अशा बेताने उभं धरलेलं. मी स्पीकरमागून बघत होते. लाटणं वाजायला लागलं, नाच सुरू झाला. काकांनी हळूच मान उंच केली आणि पुढच्या रांगेत सान्वी कुठे आहे ते शोधलं.

पंधरा मिनिटांनी पाणी प्यायची सुट्टी झाली. सान्वी घामाघूम पळत आली. समोर बाबा नाहीत, पण बाटली होती, तिला तेवढं पुरे होतं.

"ओपन धिस," ती म्हणाली.

काकांनी केळं कुठे ठेवावं ते न सुचून दातात धरलं आणि बाटली उघडली. ती प्यायली, निम्मं त्यांच्या पँटवर सांडलं, उरलेल्या केळ्याचा एक घास त्यांच्याच हातून खाल्ला आणि परत पळाली. काकांनी झाकण घट्ट लावलं. लावून पुन्हा एकदा तपासलं.

मग आदित्य परत आले, घाम पुसत. "सॉरी काका, पार्किंगच मिळेना. द्या, द्या इकडे," म्हणून त्यांनी हात पुढे केला.

काकांनी दप्तर सोडलं नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "तालीम संपेपर्यंत राहू दे माझ्याकडे."